तीन भाषांची साइट, स्वतःचा सर्व्हर: स्ट्रापी, पेलोड, डायरेक्टस की वॅगटेल?

टिळकवाडी_कोड

नमस्कार मंडळी. एका सौहार्द सहकारी संस्थेची साइट नव्यानं बांधायची आहे. मुख्य कार्यालय बेळगावात, शाखा खानापूर, निपाणी आणि चिकोडीला. मराठी, कन्नड, इंग्रजी या तिन्ही भाषा हव्यात आणि प्रत्येक भाषेचा मजकूर भरणारं माणूस वेगळं आहे. मजकूर म्हणजे सूचना, ठेवींचे व्याजदर, शाखांची माहिती, वार्षिक सभेच्या नोटिसा आणि अहवालांच्या पीडीएफ. सूचना सचिवांनी बघितल्याशिवाय बाहेर पडता कामा नये, ही संस्थेची अट.

आमच्याकडे दोन डेव्हलपर, एक नोडवाला आणि एक पायथनवाला. २ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. सीएमएस (साइटचा मजकूर भरायचं सॉफ्टवेअर, शीर्षकातले चारही तेच) ओपन सोर्स हवा आणि आपल्याच सर्व्हरवर चालायला हवा. फ्रंटएंड, म्हणजे लोकांना दिसणारी बाजू, नेक्स्टमध्ये (नोडवरची फ्रेमवर्क) वेगळा करायचा विचार आहे.

तुलनेचे तक्ते बघितले तर सगळ्यांपुढे सगळ्याच सोयींना टिकमार्क आहे, त्यामुळे त्यातून काही ठरत नाही. निवड पक्की करण्याआधी नेमकं काय तपासायचं आणि पुढे जाऊन कुठे अडतं, ते कुणी सांगेल का?

घटप्रभा

तीन भाषा आहेत ना, मग आधी एकच गोष्ट तपासा: भाषांतर कुठल्या पातळीवर साठवलं जातं. बाकीचं सगळं नंतर निस्तरता येतं, हे येत नाही.

चाचणीला 'नमुना लेख' घेऊ नका. तुमचा व्याजदरांचा तक्ताच घ्या. त्यात दोन जातींची माहिती आहे. योजनेचं नाव आणि टीप प्रत्येक भाषेत वेगळी. मुदत, दर आणि लागू तारीख मात्र तिन्ही भाषांत एकच. दर बदलला की तो एकाच जागी बदलायला हवा. मराठी पानावर नवा दर आणि कन्नड पानावर जुना असं झालं तर काउंटरवर भांडण ठरलेलं.

पेलोडमध्ये हे सगळ्यात स्वच्छ आहे. ज्या फील्डला 'लोकलाइज्ड' लावाल तेवढंच भाषेगणिक वेगळं, बाकीचं एकदाच साठतं. पोस्टग्रेसमध्ये भाषेची फील्डं वेगळ्या लोकेल टेबलात पडतात आणि दराचा आकडा मुख्य टेबलात राहतो. कन्नड मजकूर रिकामा असेल तर मूळ भाषेचा मजकूर दाखवायची सोयही आतच आहे. ती चालू ठेवायची की बंद, हे आधी ठरवा, नाहीतर कन्नड पानावर मधेच मराठी ओळ येते आणि आपल्या भागात त्याचा अर्थ लोक भलताच लावतात.

पेलोडची खोच दुसरीकडे आहे. ड्राफ्ट की पब्लिश ही स्थिती मुळात अख्ख्या नोंदीची एकच असते. म्हणजे मराठी तयार झालं म्हणून पब्लिश दाबलं की अर्धवट कन्नडही सोबत बाहेर. ठरावीक भाषेपुरतं पब्लिश करायची सोय ३ च्या मालिकेत आली आहे. ती तुम्ही घ्याल त्या आवृत्तीत कशी वागते ते हातानं बघा.

स्ट्रापी ५ मध्ये प्रत्येक भाषेचा ड्राफ्ट आणि पब्लिश वेगळा असतो. ज्या फील्डची भाषेची खूण काढाल ते बाकीच्या भाषांत कॉपी होतं. इथं तपासायचं ते असं: मराठीत दर बदला, फक्त मराठी पब्लिश करा, मग लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून कन्नड नोंद एपीआयवर (फ्रंटएंड जिथून मजकूर घेतो तिथं) उघडा. आकडा पोचला असेल तर ठीक. अॅडमिनच्या पडद्यावर दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. आणि स्ट्रापी मागितलेली भाषा नसेल तर दुसरी आपणहून देत नाही, थेट 'सापडलं नाही' म्हणतो. तो फॉलबॅक, म्हणजे पर्यायी भाषा दाखवणं, फ्रंटएंडला लिहावा लागेल.

डायरेक्टसमध्ये भाषांतरं म्हणजे सरळ एक जोडटेबल. एसक्यूएल येत असेल तर सगळं उघडं दिसतं, लपवाछपवी नाही. फॉलबॅक तिथंही तुमच्याच गळ्यात.

निपाणी_लिनक्स

लायसन्सचं आधी बघा की. 'ओपन सोर्स' ही अट खरंच असेल तर डायरेक्टस यादीतून जातो. २०२३ मध्ये १० व्या आवृत्तीपासून त्यांनी जीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स सोडून बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) घेतलं. ५० लाख डॉलरच्या खालच्या संस्थांना वापर फुकट आहे. पण ती मर्यादा नुसत्या नफ्यावर नाही, एकूण उत्पन्न, बजेट, निधी असं सगळं धरून आहे. सहकारी संस्थेचा कुठला आकडा त्यात मोजायचा हे तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही, कंपनीकडून लेखी घ्यावं लागेल. कोड वाचायला मोकळा असला म्हणजे लायसन्स ओपन सोर्स होत नाही.

पेलोड एमआयटी, हे खरं ओपन सोर्स लायसन्स. २०२५ मध्ये फिग्मानं ती कंपनी विकत घेतली, तरी आहे तो कोड एमआयटीखालीच आहे. स्ट्रापीचा मुख्य भाग एमआयटी, पण त्याच रेपोतल्या 'ईई' (एंटरप्राइज) फोल्डरचं लायसन्स वेगळं. ऑडिट लॉग, एसएसओ (एकाच खात्यानं सगळीकडे लॉगिन), मजकुराचा इतिहास, तपासणीच्या पायऱ्या या गोष्टी पैसे भरल्यावरच. सचिवांची मंजुरी ही तुमची अट आहे, म्हणजे हे तुमच्या वर्मावर बोट आहे. वॅगटेल बीएसडी, त्यात पैशांची वेगळी पायरीच नाही.

आता सर्व्हर. २ जीबीवर स्ट्रापी किंवा पेलोड चालतो, पण त्याच मशीनवर बिल्ड (कोडवरून चालवायच्या फाइली तयार) करायला गेलात की जीव जातो. अॅडमिनचा रिअॅक्ट बंडल किंवा नेक्स्टचा बिल्ड मेमरी खातो, शेजारी पोस्टग्रेस बसलेला असतो, आणि प्रोसेस १३७ कोड देऊन मरते. लॉगमध्ये धड काही सापडत नाही कारण मारणारा कर्नल असतो. 'डीमेसेज' बघा, तिथं नोंद असते. उपाय: बिल्ड सीआयमध्ये (बाहेरच्या मशीनवर आपोआप) करा, तयार डॉकर इमेजच (सगळं बांधलेलं पॅकेज) सर्व्हरवर आणा. २ जीबी स्वॅप लावून वेळ मारून नेता येते, पण बिल्ड चालू असताना साइट रेंगाळते.

पीडीएफ अपलोड करताना ४१३ ('फाइल फार मोठी' हा एरर) आला तर सीएमएसला दोष देऊ नका. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे. वार्षिक अहवाल त्यात कधीच बसत नाही. ती वाढवून २५ करा.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी लागतात: डेटाबेसचा डंप, अपलोडचा फोल्डर आणि एन्व्ह फाइल (गुप्त किल्ल्या आणि सेटिंग्जची). तिसरी सगळे विसरतात. स्ट्रापीत त्या फाइलीतलं टोकनचं सॉल्ट (हॅश बनवायची गुप्त किल्ली) बदललं की जुने सगळे एपीआय टोकन निकामी होतात, कारण त्यांची पडताळणी डेटाबेसातल्या हॅशवरून होते. स्ट्रापीची स्वतःची एक्स्पोर्ट कमांड आहे तिला बॅकअप समजू नका, तिच्यात अॅडमिन वापरकर्ते आणि टोकन येत नाहीत. आणि अपलोड फोल्डरला डॉकर व्हॉल्यूम दिला नाही तर पुढच्या डिप्लॉयला सगळ्या पीडीएफ गायब.

संस्थेतलं कुणीतरी म्हणेलच की सर्व्हर ऑफिसातच ठेवू. पावसाळ्यात खानापूर बाजूची लाइट किती टिकते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी) मागून बाहेरचं कुणी आत येऊच शकत नाही. व्हीपीएसच बरा.

जांबोटी_घाट

कुणी वर्डप्रेसचं नावच काढलं नाही. दोन माणसांची टीम, सूचना नि पीडीएफ. पॉलीलँग टाका, मराठी इंटरफेस आयता आहे, भरणाऱ्याला शिकवावं लागत नाही. हेडलेस (सीएमएस आणि फ्रंटएंड वेगवेगळे) वगैरेची हौस कशाला?

घटप्रभा

हौस नको हे मान्य. पण वर्डप्रेस घेणार असाल तर देवनागरी स्लगचं (पानाच्या पत्त्यातला नावाचा भाग) बघून घ्या. तिथं स्लग टक्केवारीच्या चिन्हांत रूपांतर होऊन २०० अक्षरांच्या रकान्यात साठतो. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे रूपांतरानंतर नऊ अक्षरं. काना, मात्रा, हलंत सगळी वेगळी मोजली जातात. २०० ला ९ नं भागा, २२ चिन्हं मिळतात. 'व्याजदरातील बदलाबाबत सूचना' या शीर्षकात २४ चिन्हं आणि दोन जागा आहेत, म्हणजे २१८. स्लग 'सूच' वर तुटतो. कन्नडचंही तेच, तीन बाइटचीच लिपी.

स्ट्रापीत उलटी तऱ्हा. त्याचं यूआयडी फील्ड मुळात रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच घेतं. मराठी शीर्षकावरून स्लग बनव म्हटलं की हाती काही लागत नाही. वॅगटेल मुळातच युनिकोड स्लग घेतो, काही करावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर तिन्ही भाषांना एकच रोमन स्लग हातानं भरायचं फील्ड ठेवा आणि पुढे भाषेचा कोड लावा. व्हॉट्सअॅपवर देवनागरी लिंक पाठवली की कित्येकदा ती टक्क्यांच्या जंजाळासारखी दिसते आणि म्हातारी माणसं घाबरून उघडत नाहीत.

टिळकवाडी_कोड

सगळ्यांचे आभार, हेच हवं होतं. आता दोन शंका राहिल्या.

पहिली, मंजुरी. स्ट्रापीची सशुल्क सोय घ्यायची नाही, पेलोडमध्ये ती कोडमध्ये लिहावी लागेल असं दिसतंय. वॅगटेलमध्ये व्याजदराचं कसं जमवायचं? तिथं तर प्रत्येक भाषेची पानं वेगळी असतात ना?

दुसरी, शोध. सभासद 'बेळगाव', 'बेळगांव', 'बेळगावी' काहीही टाकतात.

मलप्रभा_पायथन

वॅगटेलचं मी सांगतो.

बरोबर आहे, तिथं प्रत्येक भाषेचं पानांचं झाड वेगळं असतं आणि एकाच पानाची रूपं एका समान कीनं जोडलेली असतात. त्यामुळे व्याजदर पान म्हणून करायचाच नाही. दराची नोंद 'स्निपेट' (पानांबाहेरची, कुठल्याही पानावर दाखवता येणारी नोंद) म्हणून करा. मुदत, दर, लागू तारीख एकदाच, आणि योजनेच्या नावाला तीन साधी फील्डं: मराठी, कन्नड, इंग्रजी. भाषांतराची यंत्रणा या मॉडेलला लावूच नका. तिन्ही झाडांतली पानं तीच नोंद दाखवतील. शुद्धतावाद्यांना तीन फील्डं आवडणार नाहीत, पण भाषा तीनच आहेत आणि चौथी येणार नाही.

वेगळ्या झाडांचा तुम्हाला फायदाच आहे. परवानग्या झाडाच्या फांदीवर देता येतात. कन्नड भरणाऱ्या गटाला कन्नड झाडच द्यायचं, मराठीला हात लागत नाही. मंजुरीची पायरीही झाडाच्या मुळाशी एकदा लावली की खालच्या सगळ्या पानांना लागू. ही वर्कफ्लोची सोय २.१० पासून, म्हणजे २०२० पासून, मूळ वॅगटेलमध्येच आहे. सचिवांचा एक गट करा, त्या गटाची मंजुरी ही एकच पायरी ठेवा. भरणाऱ्यांच्या गटाला 'प्रकाशित करा' ही परवानगी देऊ नका, नाहीतर ते मंजुरीला बगल देऊन थेट पान बाहेर काढू शकतात. बहुतेक ठिकाणी वर्कफ्लो चालत नाही अशी ओरड होते ती याच कारणानं. स्निपेटलाही मंजुरी हवी तर त्या मॉडेलवर ड्राफ्ट, रिव्हिजन आणि वर्कफ्लोचे मिक्सिन (सोय जोडणारे तयार कोडचे तुकडे) वेगळे लावावे लागतात, आपोआप येत नाहीत.

मजकुरासाठी स्ट्रीमफील्ड (परिच्छेद, चित्र अशा ब्लॉकनी बनणारं फील्ड) वापराल. ते जेएसॉनमध्ये साठतं. पुढे कधी कोडमध्ये ब्लॉकचं नाव बदललंत तर जुन्या पानांवरचा तो ब्लॉक निमूट दिसेनासा होतो, एररही येत नाही. नाव बदलायचं तर सोबत डेटा मायग्रेशन (जुनी माहिती नव्या रचनेत आणणारा कोड) लिहायचंच. स्ट्रापीत याहून वाईट: कंटेंट टाइप बिल्डरमध्ये फील्डचं नाव बदललं की त्याच्या लेखी जुनं फील्ड गेलं नि नवं आलं. पुढच्या सुरुवातीला जुना कॉलम डेटासकट उडतो. पेलोडमध्ये पोस्टग्रेस असताना डेव्हलपमेंटचा 'पुश' (टेबलं थेट बदलणारी सोय) आणि मायग्रेशन एकाच डेटाबेसवर मिसळू नका, मायग्रेशनच्या नोंदी आणि टेबलांचा मेळ तुटतो.

आणि एक, नेक्स्ट खरंच हवंय का? माहितीच्या साइटला जँगोचे (वॅगटेल ज्या पायथन फ्रेमवर्कवर चालतो तिचे) टेम्प्लेट पुरतात. फ्रंटएंड वेगळा केलात की वॅगटेलचा प्रीव्ह्यू आयता मिळत नाही, वेगळं पॅकेज जोडावं लागतं, आणि सचिवांना तर प्रीव्ह्यूच बघायचा आहे. २ जीबीमध्ये एक नोड प्रोसेसही वाचते.

घटप्रभा

शोधाबद्दल.

पोस्टग्रेसच्या फुल टेक्स्ट शोधात मराठीची किंवा कन्नडची कॉन्फिगरेशन नाही. हिंदीची आहे, ती मराठीला लावू नका, प्रत्यय वेगळे पडतात. 'सिंपल' (प्रत्यय न काढणारी) घेतलं तर 'शाळा' शोधल्यावर 'शाळेत' सापडत नाही. म्हणून सोबत ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन (शब्दांचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे जुळवणारं) लावा. 'शाळा' आणि 'शाळेत' यांचं साम्य त्यात ०.३७५ येतं, मूळ उंबरठा ०.३ आहे, म्हणजे सापडतं. पण 'ठेव' टाकून 'ठेवींवरील' शोधाल तर साम्य ०.२७ येतं आणि निसटतं, कारण लांब शब्दामुळे भाजक वाढतो. तिथं शब्दसाम्याचं फंक्शन वापरा, ते या जोडीला ०.७५ देतं आणि त्याचा उंबरठा ०.६ आहे.

लावण्याआधी 'शो ट्रायग्रॅम' फंक्शनला 'व्याज' हा शब्द देऊन बघा. डेटाबेस सी लोकेलमध्ये (कुठल्याच भाषेचे नियम नसलेली सेटिंग) बनवला असेल तर रिकामी यादी येते, देवनागरी त्याला अक्षरंच वाटत नाहीत. काही लोकेलमध्ये हलंतापाशी शब्द तुटून 'व' आणि 'याज' असे दोन तुकडे होतात. ते परवडेल की नाही हे तुमच्या शब्दांवर ठरवा, पण कळायला हवं.

याहून छळणारी गोष्ट म्हणजे 'दुसऱ्या'. मराठीत यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खालच्या टिंबाचा ऱ आणि हलंत येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, शोधाला दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशननं (युनिकोडची एकच रूप करायची पद्धत) हे मिटत नाही. टिंब सुटं टाइप केलं असेल तर तेवढं ते जोडतं, अदृश्य चिन्हाला हात लावत नाही. सेव्ह होताना मजकुरात आणि शोधताना विचारलेल्या शब्दात, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. त्याच फंक्शनमध्ये देवनागरी आणि कन्नड अंक इंग्रजी अंकांत आणा, म्हणजे २०२५ कसंही टाकलं तरी सापडेल.

बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेळगावि, बेलगाम यांना ट्रायग्रॅमच्या भरवशावर सोडू नका. गावांची यादी छोटी आहे, पर्यायी नावांचं एक टेबल करा: शाखेचा क्रमांक आणि नाव. चिकोडी-चिक्कोडी, निपाणी-निप्पाणी तिथंच बसतील.

शाखांची यादी अकारविल्हे लावणार असाल तर त्या कॉलमला आयसीयूचं (युनिकोडची लायब्ररी) मराठी कोलेशन, म्हणजे क्रमाचे नियम, द्या. नुसत्या युनिकोड क्रमानं ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे.

निपाणी_लिनक्स

पायथनवाल्यांचं पटतंय. दोघा डेव्हलपरांनी मिळून स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) वॅगटेल उभा करा आणि मजकूर भरणाऱ्या तिघांना खरंच बसवा. प्रत्येकानं एक सूचना भरायची, सचिवांनी एक परत पाठवायची आणि एक मंजूर करायची, एक पीडीएफ बदलायची. मग डंप, अपलोड आणि एन्व्ह घेऊन कोऱ्या व्हीपीएसवर सगळं परत उभं करा. त्यानंतर आवृत्ती एकानं वाढवून बघा. वॅगटेलची एलटीएस (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) धरली तर हे वरचेवर करावं लागत नाही. नोडचं काहीही घेतलंत तर सम क्रमांकाचीच एलटीएस घ्या.

टिळकवाडी_कोड

वॅगटेल आणि जँगो टेम्प्लेट असं धरून चाचणी लावतो. नोडवाला थोडा रुसलाय, पण चालतंय. जुन्या नोटिसा वर्ड फाइलींत आहेत, त्या भरणारे कॉपी-पेस्ट करतील. त्यात काही अडचण?

मलप्रभा_पायथन

आहे की. त्या फाइली बहुधा श्रीलिपी किंवा कन्नडसाठी नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील. वर्डमध्ये फॉन्टमुळे नीट दिसतं, वॅगटेलमध्ये पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, आकडे डोळ्यांनी तपासा, तिथंच चुका राहतात. सोबत मॉडेलच्या तपासणीत एक नियम टाका: मराठी झाडातल्या पानाच्या शीर्षकात देवनागरी अक्षर नसेल, किंवा कन्नड झाडात कन्नड नसेल, तर सेव्ह होऊ द्यायचं नाही. निरोप त्याच भाषेत लिहा, म्हणजे भरणाऱ्याचा फोन तुम्हाला येणार नाही.

टेम्प्लेटमध्ये मराठी पानांना भाषेचा कोड 'एमआर' द्यायला विसरू नका. नोटोसारखा फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. कोड 'एचआय' राहिला तर हिंदी वळणाचे येतात, आणि सचिवांच्या नजरेतून ते सुटायचं नाही.